बंद गाडीचं गरम तेल

पांढरकवड्याच्या जुन्या रस्त्यावर बबिता आडेचं दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, सुनीलचं. पण सुनील ट्रकवर. आज नागपूर, तर परवा हैदराबाद. त्यामुळे आमच्या गावासाठी ते पहिल्यापासून बबिताचंच दुकान. मुकुटबनच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावरची ही पोरगी लग्न होऊन इथं आली, तेव्हा तेल म्हणजे जवसाचं आणि दिव्याचं, एवढंच तिला ठाऊक होतं. सुनीलने रस्त्याच्या कडेला खोपट घातलं, सुट्या इंजिन ऑइलचं एक बॅरल मांडलं आणि तो गाडीवर निघून गेला. बॅरलपाशी ती बसली. ड्रायव्हर लोकांचं ऐकत, डब्यांवरचे आकडे वाचत, हळूहळू शिकत गेली.

गाडीतून काढलेलं जुनं तेल ती दोन बोटांत धरून चोळते, नाकाशी नेते. कणी लागली की म्हणते, "बेअरिंग पाहून घ्या, दादा." तांड्यावरच्या लग्नात बाया तिला चिडवतात, हिच्या हळदीलाही डिझेलचा वास होता म्हणून. ती स्वतःही हसते. वास जात नाही हे तिला माहीत आहे. एकादशीला खिचडी करतानाही तो तिच्या हाताला असतो.

पुढे हायवे गावाबाहेरून गेला आणि ट्रक दुकानापुढे थांबेनासे झाले. तेव्हा तिने जुन्या गाड्यांचं सामान ठेवायला सुरुवात केली. राजदूतच्या पॅकिंगा, जुन्या बुलेटचे नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, ऑइल फिल्टर, कुठे न मिळणाऱ्या जाळ्या आणि रबरं. जुनी मोटारसायकल जपणारा माणूस हट्टी असतो. तो लांबून येतो, तासभर बोलतो आणि शेवटी त्याला हवं तेच घेतो.

यवतमाळचे कमलाकर मुळावकर असेच. भूमिअभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले, उंच, तपकिरी कोट घालणारे. त्यांची बुलेट खूप जुनी, उजव्या पायात गिअर असलेली. दर थंडीत मार्गशीर्ष लागला की ते तिच्यावर बसून पांढरकवड्याला यायचे. इंजिन गरम असतानाच दुकानापुढच्या अंगणात पोतं अंथरून, बाह्या सारून, स्वतः तेल काढायचे. आणि दर वर्षी तोच वाद.

"साहेब, आता वीस-पन्नास नंबरचं घाला ना. थंडीत पातळ राह्यते, उन्हात घट्ट. सगळे तेच घालून राह्यले."

"नको गं. त्या तेलात साबणासारखं काहीतरी असतं. आत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि नळ्यांत जाऊन अडकतो. जुन्या इंजिनात बसलेलं बसू द्यावं. मला आपलं साधं चाळीस नंबर दे."

"अन् मंग फिल्टर कायले हाय?"

"फिल्टर कचऱ्यासाठी. गाळासाठी नाही."

बबिता चाळीस नंबरचा डबा काढून द्यायची. तेल भरलं, नवा नमदा बसवला, की त्यांची एक ठरलेली फेरी असे. नवं तेल पहिल्यांदा लांब पळवायचं, मग थांबून, गरम इंजिनात काडी बुडवून पातळी पाहायची आणि तेव्हाच घरी जायचं, असा त्यांचा नियम. त्यासाठी ते मुकुटबनच्या रस्त्याला लागायचे आणि बबिताच्याच तांड्यावर, मोहाच्या झाडाखाली गाडी उभी करायचे. बबिताची आई जमनाबाई तिथं झाडाशेजारीच राहते. ती तांब्याभर पाणी आणून द्यायची. पुढल्या खेपेला बबिता माहेरी गेली की जमनाबाई सांगायची, "तुहा फटफटीवाला साहेब आलता."

गेल्याच्या गेल्या मार्गशीर्षात साहेब आले, तेल बदललं, वाद घातला आणि निघाले. तांड्यावर पोचलेच नाहीत. अलीकडे, चुनखडीच्या खाणींचा पट्टा लागतो, तिथं त्यांनी गाडी बाजूला घेतली. स्टँडवर उभी केली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि पळसाच्या बुंध्याला टेकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा विसावा घेतोय. हृदय थांबलं होतं. गाडी टेम्पोत घालून यवतमाळला नेली. बबिताने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

वर्ष उलटलं. पुन्हा थंडी पडली. एका सकाळी एसटीतून उतरून एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. सुती साडी, कापडी पिशवी, पांढरे होत आलेले केस नीट विंचरलेले.

"बबिता आडे तुम्हीच ना? मी शीला मुळावकर."

बबिताने पटकन हात पुसून खुर्ची पुढे केली. पाणी दिलं. शीलाताई बसल्या आणि पिशवीतून त्यांनी शीतपेयाची एक बाटली काढली. आत काळं तेल होतं.

"ते याच दिवसांत तेल बदलायचे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, यंदा मी बदलते. त्यांचाच पाना घेतला, चादर तशीच ठेवून खालचा बोल्ट सैल केला, बाटलीभर काढलं आणि परत आवळला. उरलेलं आतच आहे. कोणतं घ्यायचं ते कळेना, म्हणून नमुना आणला."

बबिताने बूच उघडलं. थेंब तळहातावर घेतला. डांबरासारखं काळं, पाण्यासारखं पातळ झालेलं, जळका वास. खूप पळालेल्या गाडीचं तेल.

"ताई, हे त्याच बुलेटचं हाय?"

"आमची एकच गाडी आहे."

"मंग कोणी चालवते काय? पोरगं, जावई?"

"एकच मुलगी, गौरी. पुण्याला असते. ती तर म्हणते विकून टाक. शेडची किल्ली माझ्याजवळ. ते गेल्यापासून शेड मी परवा पहिल्यांदा उघडलं."

बबिताने बोटाने तो थेंब पुन्हा चोळला. मग तिने तळहात शीलाताईंच्या पुढे धरला.

"ताई, साहेबाच्या गाडीत म्या माह्या हातानं तेल ओतलतं. मधासारखं होतं. इथून निघाले अन् अर्ध्या रस्त्यात... एवढ्यानं तेल काळं होत नाई. अन् उभ्या गाडीत तर होतच नाई."

शीलाताई त्या काळ्या थेंबाकडे बघत राहिल्या. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. मग हळूच म्हणाल्या, "बाटली भरताना माझ्या बोटांना चटका बसला. मला वाटलं, ते तसंच असतं."

दुसऱ्या दिवशी बबिता नवे फिल्टर आणि दोन-तीन पाने घेऊन यवतमाळला गेली. लोहाऱ्याकडच्या कॉलनीत मुळावकरांचं घर. मागे पत्र्याचं शेड. भर दुपार होती, अंगणात पापड्या वाळत होत्या. कुलूप गंजलेलं, फिरवायला जोर लागला. आत गाडीवर जुनी चादर होती आणि चादरीवर धुळीचा थर, जसाच्या तसा. हँडलपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, तेही सबंध. बबिताला जरा बरं वाटलं. काढायला गेली तेव्हा जाळं तिच्याच हाताने तुटलं.

चादर ओढली आणि तिला आवाज ऐकू आला. टिक. थोड्या वेळाने पुन्हा, टिक. लांबून आलेली गाडी उभी केली की इंजिनचं लोखंड निवताना जो आवाज करतं, तो. दुकानापुढे रोज ऐकलेला. तिने हाताची मागची बाजू इंजिनला लावली. चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या भांड्यासारखं गरम होतं.

शीलाताई दारात उभ्या होत्या. "आहे ना?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आणि बबिताला त्याचंच जास्त भय वाटलं.

तिने बोल्ट काढला. तेल धारेने खाली आलं, वाफाळतं, काळं. नमद्याचा फिल्टर बाहेर काढला, तो चिकट गाळाने भरलेला. मग तिने बाजूच्या डब्यातला एअर फिल्टर उघडला आणि उकिडवी बसली होती ती खालीच बसली. फिल्टर पांढऱ्या भुकटीने गच्च भरला होता. पिठासारखी बारीक भुकटी. यवतमाळात अशी धूळ नाही. इथली काळी, नाहीतर मुरमाची लाल. तिने बोटाला लावून जिभेवर ठेवली. चुना. लहानपणी शाळेतून येताना हीच धूळ तिच्या वेण्यांवर बसायची आणि आई ओल्या फडक्याने पुसून काढायची. मुकुटबनचा रस्ता, खाणींचा पट्टा.

"ताई, आज नवं तेल नाई घालत," ती म्हणाली. "सामान कमी पडलं." ती खोटं बोलत होती. पिशवीत सगळं होतं. तिने बोल्ट तसाच रिकाम्या इंजिनला आवळला आणि मिळेल त्या गाडीने परत निघाली.

ती घरी गेलीच नाही, सरळ तांड्यावर गेली. जमनाबाई दारात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर चांगली. मायलेकी आपसात गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत बोलतात; आई म्हणजे याडी. बाकीचं इथं आमच्या बोलीत.

"याडी, मुळावकर साहेब आठवते तुले?" बबिताने विचारलं.

"फटफटीवाला? आठवाले काय झालं. येते ना तो."

बबिता खाटेच्या कडेला टेकली. "कवा आलता?"

"कवा म्हंजे? येतच राह्यते. दुपारचा येते, मोहाखाली उभा राह्यते. पह्यले सालातून एकडाव ये, आता लयदा येते. गाडीवरून उतरत नाई. म्या तांब्या भरून ठेवते अन् शेंगा सोलत बसते. जरा वेळानं पाह्यलं का तांब्या रिकामा राह्यते अन् तो गेला राह्यते."

"बोलते काय?"

"नाई. पह्यले बोले, 'मावशी, पाणी गोड आहे' म्हणे. आता नाई बोलत. म्हातारा झाला असन."

"याडी, तो मेला. मागच्या थंडीत. पलीकडं पळसाखाली."

जमनाबाईचे हात थांबले. ती मोहाच्या झाडाकडे पाहत राहिली. खाली जमिनीवर तेलाचा एक काळा ओघळ होता, ताजा वाटावा असा. मग तिने पुन्हा शेंग उचलली.

"मंग तहान लागत असन त्याले," ती म्हणाली.

"याडी, मेल्याले आपल्या हातानं पाणी देल्लं का तो हात धरते, तूच सांगे आमाले!"

"सांगो ना. तुमी रानात एकल्या फिरू नये म्हणून सांगो. आपल्या तांड्यावरून कोणी तहानलेलं परत नाई गेलं, छोरी. जितं असो का मेलं." आणि हसली. "मले नेऊन करीन काय तो? माह्यानं फटफटीवर बसणं बी होत नाई."

बबिताला हसू आलं नाही. तिने ठरवलं, इंजिन रिकामंच ठेवायचं. तेल नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर येणं नाही. एवढा साधा हिशेब.

पण दोन दिवसांनी शीलाताई पुन्हा दुकानात उभ्या होत्या. एसटीतून उतरून चालत आल्या होत्या, दम लागला होता.

"तू तेल घातलं नाहीस." आज त्या एकेरीवर आल्या होत्या. "काडी बुडवून पाहिली मी. कोरडी आली."

बबिताने मग काही लपवलं नाही. धूळ, तांड्यावरचं पाणी, आईचं बोलणं, सगळं सांगितलं. शीलाताई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू मऊ पडत गेला, बऱ्याच दिवसांनी कुणाची खुशाली कळावी तसा.

"पाणी पितात म्हणजे," त्या म्हणाल्या.

"ताई, माही माय म्हातारी हाय. मले तिची भीती वाटते. गाडी रिकामी राहू द्या. तुमी बी सुटान, ते बी सुटतीन."

"आणि निघालेच तर?" शीलाताईंचा आवाज चढला. दुकानातलं एक गिऱ्हाईक वळून पाहू लागलं, तशी त्यांनी आवाज खाली आणला. "बिनतेलाचं इंजिन किती चालतं, तूच सांग. मध्येच जाम होऊन बसेल. आणि ते पुन्हा रस्त्याच्या कडेला एकटे बसून राहतील. एकदा बसले तेव्हा मी घरात वाटाणे निवडत होते, बबिता. मला पुन्हा ते नको."

बबिता त्यांच्या शेजारी बसली. समोरच्या टपरीवाल्याने न मागताच दोन चहा आणून ठेवले. चहा संपला तेव्हा शीलाताई म्हणाल्या, "त्यांची फेरी अर्धी राहिली, एवढंच आहे ना? मग आपण ती पुरी करू. तू चालव. मी मागे बसते."

बबिताला ते पटलं. तांड्यावरही असंच करतात. ज्याचं काही राहिलं असेल ते त्याच्या नावाने पुरं करून टाकतात, म्हणजे मागचं ओढणं थांबतं.

गाडी टेम्पोत घालून दुकानात आणली. बबिताने काउंटरवर दोन डबे ठेवले. "हे साहेबाचं, साधं चाळीस. हे घातलं तर आतलं बसलेलं तसंच राहीन. अन् हे वीस-पन्नास. यानं जुनं सगळं सुटून येईन. दोन-तीनदा फिल्टर बदलावा लागन, पण इंजिन आतून साफ होईन. तुमी सांगा."

तिला वाटलं होतं, बाई नवऱ्याचंच घेतील. शीलाताईंनी चाळीसचा डबा हातात घेतला, परत ठेवला.

"बसलेलं बसू द्यावं, हे ते घरातही म्हणायचे," त्या म्हणाल्या. "काही बोलायला गेले की हेच. मी पण बसूच दिलं सगळं. आता सुटू दे एकदा."

वीस-पन्नास घातलं. नवा नमदा, नवा एअर फिल्टर. किक हळूच दाबत हेडलाइटवरच्या अॅमीटरचा काटा मध्यावर आणून बबिताने किक मारली आणि वर्षभर बंद असलेली गाडी पहिल्याच किकला चालू झाली. शीलाताई एका बाजूला पाय सोडून मागे बसल्या. टपरीवर चार माणसं जमली होती. दोन बाया बुलेटवर निघालेल्या पाहून कोणी हसलं, कोणी हात हलवला.

रस्ता चांगला होता. ऊन कोवळं, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. बबिता अशा गाड्या रोज दुकानापुढून दुरुस्तीला नेऊन आणत असते. उजव्या पायातला गिअर तिला नवा नव्हता. तरी या गाडीवर तिला एक गोष्ट खटकत होती. ती गिअर बदलायला पाय उचलायची, तोवर तो पडलेला असायचा. पहिल्यांदा वाटलं, आपल्याच पायाने पाडला असेल. मग तिने मुद्दाम पाय बाजूला काढून पाहिला.

खाणींचा पट्टा लागला. रस्त्याकडेची झाडं पांढरी, पानं पांढरी. पुढे तो पळस दिसला. तिथं थांबून नारळ फोडायचं ठरलं होतं. नारळ पिशवीत होता. बबिताने अॅक्सिलरेटरची मूठ सोडली. आवाज कमी झाला नाही. क्लच दाबला, ब्रेक दाबला. गाडी एका लयीत पळत राहिली, ना जोरात ना हळू, अनुभवी हातात असावी तशी. पळस बाजूने निघून गेला.

मोहाच्या झाडाखाली गाडी आपली आपण थांबली. इंजिन बंद झालं. टिक, टिक सुरू झालं.

बबिता उतरली आणि मागे वळली. "ताई, तुमी धरलं कायले होतं?" तिने विचारलं. "माह्या खांद्यावर तुमचा हात लागलाच नाई. मले वाटलं तुमी पडता का काय."

"तुलाच तर धरलं होतं," शीलाताई म्हणाल्या. "तुझ्या कोटाला."

बबिताच्या अंगावर सलवार-कमीज होती आणि छातीवरून बांधलेली ओढणी. शीलाताईंनी तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं अजून मुठीत वळलेली होती. त्यांनी ती उघडली नाहीत.

जमनाबाई पाणी घेऊन आली. शीलाताईंनी तांब्या तिच्या हातातून घेतला आणि स्वतः गाडीपुढे ठेवला. ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. "सगळा संसार झाला," त्या गाडीला म्हणाल्या, अगदी घरातल्या आवाजात, "मला एकदाही इथे आणलं नाहीत. किती छान जागा आहे ही."

बबिताने काडी बुडवून पातळी पाहिली. तेल बरोबर खुणेवर होतं, सोनेरी. परतताना गाडी तिच्या हाताचं ऐकत होती. मूठ सोडली की मंद व्हायची, ब्रेक दाबला की थांबायची. पळसापाशी तिने नारळ फोडला. फेरी पुरी झाली होती. गाडी पुन्हा टेम्पोतून यवतमाळच्या शेडमध्ये गेली.

त्यानंतर खरोखरच थांबलं. शीलाताई आठवड्याला फोन करायच्या. "गार आहे," एवढंच सांगायच्या. बबिताने एकदा जाऊन पाहिलं, एअर फिल्टरवर नवी धूळ नव्हती. तांड्यावर जमनाबाई म्हणाली, तो साहेब आता येत नाही. आणि म्हणताना तिचं तोंड उतरलं होतं. बबिताने सुटकेचा श्वास सोडला. सुनील घरी आला तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा हे सगळं सांगितलं. तो ट्रकवाला माणूस, रस्त्यावर पुष्कळ पाहिलेला. तो म्हणाला, "संपलं ना? मंग आता नाव नको काढू."

उन्हाळाभर फोन येत राहिले. "गार आहे." शीलाताईंचा आवाज मात्र दर फोनला बारीक होत गेला. एकदा बबिताने विचारलं, जेवता ना नीट? तर म्हणाल्या, "एकटीसाठी काय रांधायचं." पावसाळा लागला आणि फोन बंद झाले. बबिता दोनदा करणार होती. पेरणीचे दिवस, ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी, राहून गेलं.

दिवाळीला ती माहेरी गेली. जमनाबाई खुशीत होती. दारात दोन तांबे घासून पालथे घातले होते.

"दोन कायले, याडी?"

"दोघं येते ना आता," जमनाबाई म्हणाली. "बाई बी येते मांगं बसून. तेच, तू आणलेली. तो नाई बोलत, पण ते लय बोलते. तूर कशी हाय, तुमची पोरगी कशी हाय, इचारते. हासते लय."

"शीलाताई? गाडी चालवते कोण?"

"तोच. आणखी कोण?"

बबिता उठून मोहाखाली गेली. तिथंच फोनला रेंज मिळते. तिने शीलाताईंना फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. ती मनात काय काय धरून उभी होती. मग फोन उचलला गेला.

"अगं बबिता! तुझीच आठवण काढत होते." आवाज भरलेला, तरतरीत. मागे कुकरची शिटी झाली. "दिवाळीला आलीस का आईकडे? बरं केलंस."

"ताई, तब्येत कशी हाय?"

"मस्त. काय झालंय, हल्ली दुपारी जेवले की झोपच लागते मला. एवढी गाढ की उठल्यावर कुठे आहे ते कळत नाही. आणि उठले की केस असे राठ! रोज धुते, रोज पांढरी धूळ निघते. गौरी म्हणते, आई, घरात झाडत नाहीस का." त्या हसल्या. "पण खरं सांगू? फार बरं वाटतं."

बबिताने डोळे मिटले. "ताई, शेड उघडलं होतं काय?"

"कशाला उघडू? किल्ली आहे माझ्याजवळ." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "भिऊ नकोस गं. तुझ्या आईला काही होणार नाही. मी सांगितलंय यांना."

बबिताने फोन दुसऱ्या कानाला लावला. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि त्याच्या मागे पांढरी धूळ उठून हळूहळू झाडांवर बसली.

"आणि हो," शीलाताई म्हणाल्या, "एक काम होतं. मागच्या पायदानाचं रबर मिळतं का तुझ्याकडे? अगदी झिजून गेलंय. लोखंड टोचतं."

"मिळते."

"डावीकडचंच पाठव फक्त. मी एका बाजूनेच बसते ना."

दिवाळी झाल्यावर बबिताने दुकान उघडलं. कपाटातून रबर काढलं, कागदात गुंडाळलं, वर यवतमाळचा पत्ता लिहिला. मग तिने मांडणीवरून वीस-पन्नासचा एक डबा आणि नमद्याचा एक फिल्टरही खाली घेतला. तेवढं पळणाऱ्या गाडीला आता वर्षातून एकदा पुरणार नव्हतं. सगळं एका खोक्यात बांधून ती स्टँडवर गेली आणि यवतमाळच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिलं.

"जपून न्या, दादा," ती म्हणाली. "ताई वाट पाहून राह्यल्या."